पवनचक्कीवाल्यांसाठी घर बघताना

पवनचक्कीच्या कंपनीत होते म्हटलं की समोरच्याला वाटतं, बाई खांबावर चढून पाती दुरुस्त करत असणार. मी आयुष्यात एकदाच चढले, शिडीच्या अकराव्या पायरीपर्यंत. खाली उतरवायला दोन माणसं लागली. माझ्या नेमणूकपत्रावर 'कार्यालयीन सहायक' असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात मी घरं बघायचे. स्वतःसाठी नव्हे, परदेशातून आलेल्या माणसांसाठी.

आमच्या धाराशिवच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा मशीनबरोबर माणसंही आली. कुणी सहा महिन्यांसाठी, कुणी दोन वर्षांसाठी. त्यांनी राहायचं कुठं, हा प्रश्न पुण्याच्या ऑफिसला पडला आणि साहेबांनी फोन करून माझ्याकडं सरकवला. "गायकवाडबाई, तुम्ही तिथल्याच. बघा एखादं बरं घर." तिथल्याच म्हणजे मूळची मी उमरग्याकडची. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, त्याच्या बदलीमुळं धाराशिवला आलेली. पण पुण्याहून बघितलं की उमरगा काय, कळंब काय, परंडा काय, सगळं 'तिथलंच'.

हे काम कुठल्या पुस्तकात नसतं. ठेचा खाऊन शिकले. पहिला नियम, घर बघायला दुपारी तीनला जायचं. सकाळी दहाला आपल्याकडं सगळीच घरं छान असतात. तीनला पंखा बंद करायचा, दहा मिनिटं गप्प बसायचं आणि पश्चिमेच्या भिंतीला हात लावायचा. हात लगेच मागं घ्यावा वाटला तर मालकाला नमस्कार करून निघायचं. दुसरा नियम, पाण्याचं मालकाला विचारायचं नाही. मालक म्हणतो, "पाणी? चोवीस तास!" शेजारणीला विचारायचं. ती सांगते, "नळ आठ दिसाला येतो अन् ह्यांची टाकी लई बारकी हाय." तिसरी गोष्ट म्हणजे आजूबाजूला मंगल कार्यालय आहे का ते बघायचं. युरोपातला माणूस उन्हाळा कसाबसा सोसेल, पण लग्नसराईतला बँजो त्याला सोसत नाही.

एक स्पेनचा पाब्लो होता. त्याला गावात राहायचंच नव्हतं. पवनचक्क्यांच्या शेजारी, माळावर, एकटं राहायचं होतं. "शांतता, वारा, आकाश," असं तो डोळे मिटून म्हणायचा. मी सांगितलं, "बाबा, पवनचक्क्या तिथं उगाच उभ्या केलेल्या नाहीत." त्यानं ऐकलं नाही. एका शेतकऱ्याच्या आखाड्यावरची, म्हणजे शेतातल्या गोठ्याजवळची, पत्र्याची खोली घेतली. पाचव्या दिवशी त्याचे दोरीवर वाळत घातलेले सगळे कपडे वाऱ्यानं नेले. खालच्या गावचे सरपंच स्वतः मोटरसायकलवर त्याची पँट घेऊन ऑफिसात आले आणि सगळ्यांसमोर टेबलावर घडी करून ठेवली. "ही तुमच्याच माणसाची असणार. एवढी लांब तंगडी आमच्यात कुणाची न्हाय." पाब्लो आठवड्याच्या आत गावात राहायला आला.

एक जर्मन इंजिनियर चाळीस प्रश्नांची यादी घेऊन आला. दवाखाना किती लांब, साप निघतात का, पूर येतो का. मी एकेका प्रश्नाला उत्तर देत होते, तो खूण करत होता. शेवटी त्यानं विचारलं, "भूकंप?" मी म्हटलं, "आला होता. आमचं दगडमातीचं घर त्यात पडलं. माझी आत्या आत होती." त्यानं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "तुम्ही म्हणाल ते घर घेतो." दगडमातीची जुनी घरं उन्हाळ्यात थंडगार असतात, पण मी आजवर कुणालाही तसलं घर दाखवलं नाही. त्यामागं कुठला नियम नव्हता. हात धजावला नाही, एवढंच.

आता जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ती मार्टा.

मार्टा पोलंडची. पन्नाशी ओलांडलेली, केस पुरुषासारखे बारीक कापलेले, हात सुतारासारखे. पवनचक्कीच्या पात्याला चीर गेली की दोराला लटकून ती बुजवणं हे तिचं काम. शंभर मीटरवर वाऱ्यात झुलत ती सँडपेपर घासायची आणि खाली आमची पोरं माना वर करून बघत राहायची. इंग्रजी तिचंही मोडकं, माझंही मोडकं, त्यामुळं आमचं छान जमलं. इंग्रजीत तू आणि तुम्ही हा फरक नाही. मी इथं 'तू'च लिहिते. ती रागावणार नाही.

ती फेब्रुवारीत आली. फेब्रुवारी हा आपल्याकडचा सगळ्यात खोटारडा महिना. सकाळी गारवा, संध्याकाळी गारवा, ज्वारीची कणसं डोलतायत. मार्टा म्हणाली, "सुमन, लोकांनी मला उगाच घाबरवलं. हा तर स्वर्ग आहे."

पुण्याचे साहेब म्हणत होते, बाईला सोलापूरला हॉटेलात ठेवा, रोज गाडीनं ने-आण करू. ती म्हणाली, "दोन वर्षं हॉटेलात राहिले तर मी हॉटेलातच राहिले, भारतात कुठं?" मग मी तिला घर दाखवायला नेलं. इथं माझी चूक झाली. नुसती चूक म्हणून सोडून दिलं तर ते खोटं होईल, म्हणून नीट सांगते.

नव्या कॉलनीत सिमेंटचे व्यापारी अण्णा यांचा दुमजली बंगला होता. खाली ते राहायचे, वरचा मजला भाड्यानं. या अण्णांना मी आधीपासून ओळखत होते. त्यांना मात्र मी आठवत नव्हते. पंचवीस वर्षांपूर्वी मी आणि माझा नवरा धाराशिवात भाड्याचं घर शोधत फिरत होतो. अण्णांच्या तेव्हाच्या जुन्या घरात मागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. अण्णांनी ओसरीवरूनच विचारलं, "नाव?" नवरा म्हणाला, "गायकवाड." अण्णा म्हणाले, "गायकवाड म्हणजे कुठले गायकवाड?" आमच्या आडनावाची हीच मजा आहे, त्यातून पुरता उलगडा होत नाही. माझा नवरा सरळ माणूस. म्हणाला, "बौद्ध." अण्णांनी मग सांगितलं की खोल्या पुतण्यासाठी ठेवल्यात. असे पुतणे त्या महिन्यात आम्हाला सात घरांत भेटले. शेवटी आम्ही आमच्याच लोकांच्या वस्तीत खोली घेतली, पुढं तिथंच घर बांधलं आणि सुखानं राहिलो.

त्याच अण्णांनी या वेळी गोरी भाडेकरू मिळणार म्हणून मला हॉलमधल्या सोफ्यावर बसवलं. कपबशीतून चहा, वर काजूची प्लेट. "मॅडम, तुमचा शब्द आमच्यासाठी फायनल." वहिनींनी तर निघताना पाण्याची बाटली हातात दिली. खरं सांगते, मला ते आवडलं. फार आवडलं. मी मार्टाला ते घर सकाळी दहाला दाखवलं. दुपारी तीनला नेलंच नाही. वर उघडा स्लॅब, त्यावर ना पत्रा ना शेड. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काचा. आजूबाजूला एक झाड नाही. हे सगळं माझ्या डोळ्यांना दिसत होतं. पण मार्टा त्या काचेपाशी उभी राहून म्हणाली, "इथून माझ्या पवनचक्क्या दिसतात!" आणि अण्णा मला म्हणाले, "मॅडम, अजून थोडा चहा?" मी दुसरा कप घेतला.

मार्चमध्ये मार्टाच्या नाकावरून घाम गळत होता. एप्रिलमध्ये तिनं गादी बाथरूमच्या दारात ओढून नेली. मी दोनदा म्हटलं, दुसरं घर बघू. पण तेही असं, तोंडातल्या तोंडात. ती म्हणायची, "सवय होईल." आणि मी सुटल्यासारखी गप्प बसायचे.

मे महिन्यातला एक रविवार. सकाळीच वळवाचा वारा सुटला, कॉलनीच्या तोंडाशी तारा तुटल्या आणि लाईट गेली. मी कैरीचं पन्हं केलं होतं, म्हटलं तिला देऊन यावं. चारच्या सुमाराला पोचले. वरचं दार नुसतं लोटलेलं. हाक मारली, उत्तर नाही. आत पाऊल टाकलं तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखं झालं. मार्टा बाथरूमच्या फरशीवर पडलेली, तोंड लालबुंद, अंग कोरडं ठणठणीत. घामाचा एक थेंब नाही. आणि ती पोलिश भाषेत कुणाशी तरी भराभरा बोलत होती. मी खांदा धरून हलवलं तर माझ्याकडं बघून मला ओळखेना.

मी जिन्यातून ओरडले. अण्णा बनियनवर धावत वर आले. इथं त्यांच्याबद्दलही खरं तेच सांगायला हवं. त्या माणसानं एक क्षण घालवला नाही. बादलीभर पाणी तिच्या अंगावर ओतलं, मी पाय धरले, त्यांनी खांदे धरले, गाडीत घातलं. वहिनींनी फ्रिजमधला होता नव्हता तो बर्फ टॉवेलात बांधून आणला. दवाखान्यापर्यंत मी मार्टाच्या काखेत बर्फ धरून बसले होते आणि अण्णा हॉर्नवरचा हात काढत नव्हते.

डॉक्टरांनी दोन्ही हातांना सलाईन लावलं. बाहेर येऊन म्हणाले, "ऊन लागलंय, जोरात लागलंय. अजून तासभर उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो." अण्णा बाकावर बसून डोकं धरून म्हणाले, "मॅडम, आम्ही खाली होतो हो. खाली गारच असतं. आम्हाला काय कळणार?"

मला कळत होतं. मला फेब्रुवारीतच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मार्टा शुद्धीवर आली. ओठ फुटलेले, आवाज घोगरा. पुण्याहून साहेबांचा निरोप होता की बाईला परत पाठवायचं, कंपनीला जोखीम नको. मी तो तिला सांगितला. ती छताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "सुमन, ते घर असं तापेल हे तुला माहीत होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. यंदाचा उन्हाळाच वाईट, असं म्हणता आलं असतं, आणि ते सगळ्यांना पटलंही असतं.

"माहीत होतं," मी म्हटलं.

"मग का दाखवलंस?"

मी तिला सगळं सांगितलं. पंचवीस वर्षांपूर्वीची ओसरी, पुतण्या, आणि आताचा सोफा. माझ्या मोडक्या इंग्रजीत 'कुठले गायकवाड' हे समजावताना मला घाम फुटला. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मला वाटलं, आता ही म्हणणार, निघून जा.

ती म्हणाली, "काजू तरी चांगले होते का?"

मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. नर्सबाई आत येऊन म्हणाल्या, "पेशंट कोण हाय नेमकं?"

मग मार्टानं विचारलं, "तू मे महिन्यात कुठं झोपतेस?"

"माझ्या घरात."

"तापत नाही?"

"वर भाच्याचा मजला आहे. दारात कडुनिंब आहे. फारसं नाही तापत."

"मग तुझ्या गल्लीत घर का नाही दाखवलंस?"

एवढ्या वर्षांत मी गोऱ्यांना अख्खं धाराशिव दाखवलं, पण आमच्या वस्तीतलं एकही घर कधी माझ्या यादीत नव्हतं. साहेब काय म्हणतील, पाहुण्याला काय वाटेल, असं मनाशी धरून मीच ते गाळत आले होते. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. अण्णांनी निदान तोंडावर विचारलं होतं. मी तर न विचारताच आमच्या गल्लीला नकार देत होते.

आमच्या समोर शेषेरावकाकांचं घर. काका एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन दहा वर्षं झालेली. वर मुलगा आणि सून, मागच्या अंगाला काका-काकू, पुढच्या दोन खोल्या रिकाम्या. मार्टा चालायला लागल्यावर मी तिला तिथं नेलं. दुपारी तीनला. कडुनिंबाची सावली ओट्यावर पसरलेली. मार्टानं आत जाऊन पश्चिमेच्या भिंतीवर तळहात टेकवला आणि डोळे मिटून तशीच उभी राहिली.

काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुमन, ही बाई आजारी हाय का? भिंतीशी काय बोलायलीय?"

"घर बघतेय काका."

"आमचं घर? हिला चालतंय व्हय?"

मी ते मार्टाला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना विचार, मी त्यांना चालते का."

काकांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "चालतंय की. फकस्त येक हाय. एसी लावायचा न्हाय, मीटर उडतंय. कूलर लावा, पाणी मी भरत जाईन."

आता साहेब उरले होते. फोनवर त्यांचा आवाज फार मऊ झाला. "गायकवाडबाई, तसं काही नाही हो, पण सिक्युरिटीच्या दृष्टीनं ती वस्ती... परदेशी बाई, एकटी..."

नोकरीत मी साहेबांना कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी म्हटलं, "साहेब, त्या वस्तीत मी पंचवीस वर्षं राहतेय. रोज तिथूनच तुमच्या ऑफिसात येते. मला आजवर सिक्युरिटी लागली नाही. लागणार असेल तर आधी मला द्या, मग मार्टाबद्दल बोलू."

शेवटी साहेब म्हणाले, "बाईंनी लेखी दिलं तर माझी हरकत नाही." मार्टानं दोन ओळींत लेखी दिलं. पहिली ओळ, मी इथं राहणार. दुसरी, नाहीतर पाती तुम्ही स्वतः चढून दुरुस्त करा. दुसरी ओळ मी पाठवण्याआधी खोडली. आता वाटतं, ठेवायला हवी होती.

मार्टा जूनमध्ये आमच्या गल्लीत आली आणि पावणेदोन वर्षं राहिली. पहिल्या महिन्यात पोरं तिच्या खिडकीला चिकटलेली असायची, दुसऱ्या महिन्यात त्यांना ती जुनी झाली. काकूंनी तिला ज्वारीची भाकरी थापायला शिकवायला घेतलं. शंभर मीटरवर पात्याला पातळ थर देणारे तिचे हात, पण भाकरी काही गोल होईना. काकू म्हणायच्या, "बाई, ही भाकर न्हाय, उमरगा तालुक्याचा नकाशा हाय." नळाचा दिवस मार्टाला आमच्याआधी पाठ झाला. पाणी आलं की तीच गल्लीत ओरडायची, "पानी आला!" 'आलं' म्हणायला आम्ही तिला शेवटपर्यंत शिकवू शकलो नाही.

एप्रिलात जयंती आली. मी आधीच सांगून ठेवलं होतं की चौदा तारखेच्या आसपास आवाज होणार, लई होणार, हवं तर तीन दिवस सोलापूरला जाऊन ये. ती म्हणाली, बघू. मिरवणूक गल्लीत शिरली तेव्हा मार्टा पांढरी साडी नेसून ओट्यावर उभी. साडी काकूंनी नेसवलेली, आणि कानांवर कामावरची ती मोठी नारिंगी कानझाकणं. ती तशीच उतरली आणि बायकांच्या घोळक्यात शिरून नाचायला लागली. ताल चुकत होता, कारण तिला काही ऐकूच येत नव्हतं. शेषेरावकाका मला म्हणाले, "आपल्या गल्लीत इतकी वाईट नाचणारी बाई आजवर झाली न्हाय," आणि स्वतःही तिच्या शेजारी जाऊन हात वर करून नाचले.

अण्णांचं काय झालं, तेही सांगते. त्यांनी वरच्या स्लॅबवर पत्र्याची शेड मारली, काचांना बाहेरून जाड पडदे लावले, पश्चिमेला तीन कडुनिंब लावले. मग माझ्याकडं आले. "मॅडम, आता एकदा येऊन बघा, तुम्ही म्हणाल त्या वेळेला." मी गेले, बसले, हात लावून बघितला. घर आता राहण्यासारखं झालं होतं. पुढच्या इंजिनियरला मी ते दिलं. पंचवीस वर्षांपूर्वीचं मी अण्णांना कधीच बोलले नाही. बोलायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दवाखान्याच्या वाटेवर हॉर्नवर ठेवलेला त्यांचा हात आठवला की वाटतं, नको. ती सात घरं आठवली की वाटतं, निदान एकदा तरी.

मार्टाचा करार संपला, ती गेली. मीही मागच्या वर्षी रिटायर झाले. मला वाटलं, माझं घरं बघणं संपलं.

तर या हिवाळ्यात एका दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. डोक्यावर लोकरीची टोपी, नाक लाल. तिनंही काम सोडलं होतं. आता गावाकडं छोटं घर घ्यायचं म्हणत होती. "सुमन, तीन घरं बघतेय. मला कळत नाही. तू सांग."

मी म्हटलं, "बाई, बर्फातल्या घरातलं मला काय कळतंय?"

"तू फक्त बघ."

मग मी आमच्या ओट्यावर बसून पोलंडमधली तीन घरं बघितली. पहिलं मोठं होतं, त्यात लाकडी जिना. दुसऱ्याला तळं दिसत होतं. मी आपली विचारत होते, ऊन कुठून येतं, पाणी गोठतं का. तिसरं घर बसकं, साधं, रंगही उडालेला. मार्टा त्याचं दार दाखवत असताना मागं कसला तरी आवाज झाला. मी म्हटलं, "फोन जरा वळव."

तिनं वळवला. शेजारच्या घराचं दार उघडलं होतं. जाड कोट घातलेली एक म्हातारी उंबऱ्यात येऊन, डोळ्यांवर हात धरून, कोण आलंय ते बघत होती. मग तिनं मार्टाला हाक मारून काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, थंडीत का उभी आहेस, आत ये."

"हेच घे," मी म्हटलं.

परवा मार्टाचा फोटो आला. अंगणात गुडघाभर बर्फ, आणि ती म्हातारी फावडं घेऊन मार्टाच्या दारापर्यंतची वाट मोकळी करतेय.